चोर कोपरा

थोरलीनं खिडकीजवळचं बाकडं मागितलं, तेव्हा तिच्या धाकट्या दिराला वाटलं, बाई दमली असेल, बसायला मागतेय.

"बसा की वहिनी," तो म्हणाला. "विचारायचं काय त्यात?"

"बसायला नको, भाऊजी. काम करायला पाहिजे."

इथे सगळ्या कारखान्यात शांतता पसरली असं म्हणायचा मोह होतो. पण खोटं कशाला बोला, पलीकडे करवत चालूच होती. थांबला तो फक्त धाकटा. हातातली मोजपट्टी त्यानं उघडली, मिटली, परत उघडली, आणि हसावं की काय करावं ते न सुचून दाराशी स्टुलावर बसलेल्या आपल्या वडिलांकडे पाहिलं.

फर्निचरचा हा कारखाना त्या वडिलांनी, म्हणजे थोरलीच्या सासऱ्यांनी उभा केलेला. ती त्यांना मामंजी म्हणे, आणि तिचं ऐकून ऐकून कारीगरही त्यांना मामंजीच म्हणू लागले होते. लग्न होऊन आली त्याच वर्षी पॉलिशवाला काम सोडून गेला. "दोन दिवस जरा पोचारा मारतेस का?" असं मामंजींनी विचारलं, आणि त्या दोन दिवसांची तेवीस वर्षं झाली. पाच कारीगरांनी घडवलेली कपाटं, खुर्च्या, पलंग मागच्या खोलीत तिच्याकडे येत. त्या खोलीला खिडकी होती, पण ती उघडली की समोर भिंत. स्पिरिटचा वास तिच्या केसांत इतका मुरला होता की नवरा म्हणायचा, अंधारातसुद्धा बायको चुकायची नाही. नवरा कारखान्याचा टेम्पो चालवायचा आणि लाकडाशी त्याचं नातं तेवढंच होतं. चढवायचं आणि उतरवायचं.

खिडकीजवळचं बाकडं दोन महिन्यांपासून मोकळं होतं. तिथला सहावा, म्हातारा कारीगर लेकीकडे राहायला गेला होता. दिवसभर सरळ, शांत उजेड पडावा अशी ती कारखान्यातली एकमेव जागा, आणि धाकट्यानं तिथे एक यंत्र आणायचं ठरवलं होतं. येत्या एक तारखेला यंत्र येणार, जमिनीत बोल्ट मारून बसणार. एकदा बसलं की हलणार नाही. थोरली सत्तेचाळीस वर्षांची होती. आत्ता मागितलं नाही तर पुन्हा मागायला जागाच उरणार नव्हती, हे तिला चांगलं कळत होतं, म्हणून तर जीभ रेटली.

"तुला सांधा येतो?" मामंजींनी विचारलं.

"तेवीस वर्षं बघतेय."

"बघणं वेगळं."

"म्हणून तर बाकडं मागतेय."

मामंजींनी कपातला चहा संपवला. घाई हा प्रकार त्यांना ठाऊक नव्हता. मग म्हणाले, "पेटी कर."

धाकट्याचा चेहरा पडला. कारण आता चेष्टेवारी न्यायची सोय राहिली नाही. या कारखान्यात बाकडं मागून मिळत नसे. दागिन्यांची पेटी करायची. एकट्यानं, फळी चिरण्यापासून बिजागरीपर्यंत, दुसऱ्या कुणाचा हात न लागू देता. आणि बाहेरून पॉलिश न चढवता, कोरी, मामंजींपुढे ठेवायची. पॉलिशखाली पापं झाकली जातात असं त्यांचं म्हणणं, आणि ते म्हणताना ते थोरलीकडे बघत नसत एवढं सौजन्य त्यांच्याकडे होतं. पाचही कारीगर या पेटीतून गेले होते. धाकटा तर पोटचा पोरगा, पण तोसुद्धा दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा पास झालेला. थोरलीला दोनदा नापास व्हायची चैन नव्हती. महिनाअखेरच्या रविवारी पेटी दाखवायची, नाहीतर सोमवारी यंत्र.

लाकूड तिनं निवडलं तेही जगावेगळं. वखारीत कोपऱ्यात एक अक्रोडाची फळी दोन वर्षं धूळ खात पडली होती. कारीगर तिला हात लावायचे आणि ठेवून द्यायचे. तिच्यातल्या रेषा सरळ धावायचं सोडून घडी घडी वळलेल्या. रंधा मारला की एका जागी गुळगुळीत तर पुढच्या बोटभर जागेत लाकडाचे लचके निघणार. "घेऊन जा ताई," वखारवाला म्हणाला, "नुसती जागा अडवतेय." थोरलीनं बोट ओलं करून फळीवर फिरवलं. ओल लागली तिथे त्या वळ्या एकदम जाग्या झाल्या, फळी हलवली तशा हलू लागल्या. कोरड्या लाकडावर पॉलिश चढल्यावर ते कसं दिसेल, हे ओळखायचं तर तिचं कामच होतं. इतरांना त्या फळीत कटकट दिसली. हिला पेटी दिसली. तळाला आणि झाकणाला मेपलचा एक फिकट तुकडा घेतला, पक्ष्यांच्या डोळ्यांएवढे बारीक ठिपके असलेला.

"वहिनी, सरळ लाकूड घ्या," धाकटा मनापासून म्हणाला. तो काही वाईट माणूस नव्हता. फक्त त्याला वाटायचं की जगात त्याला कळतं ते सगळ्यांना उशिरा कळतं. "हिच्यावर रंधा चालणार नाही."

"रंधा नाही चालवणार," थोरली म्हणाली.

तिच्याकडे पोलादी पत्रा होता. हाताच्या पंजाएवढा, कडेला धार आणलेला. रंध्यानं उचकटलेलं लाकूड कारीगर तिच्या खोलीत ढकलून द्यायचे आणि ती या पत्र्यानं खरवडून खरवडून ते सारखं करायची. तेवीस वर्षं पाच पुरुषांचे लचके तिनं बुजवले होते. कुठल्याही उलट्यासुलट्या रेषेवरून पत्रा कसा वाकवून न्यायचा, हे तिच्या अंगठ्यांना झोपेतसुद्धा आलं असतं.

तिची खरी डोकेदुखी वेगळीच होती. तिला मामंजी ‘चोर कोपरा’ म्हणत.

गोष्ट अशी. एकाच फळीचे ओळीनं चार तुकडे कापले आणि पेटीभोवती वळवले, की लाकडावरची नक्षी कोपऱ्यावरून न तुटता पुढे जाते. पहिला कोपरा जुळतो, दुसरा जुळतो, तिसरा जुळतो. चौथ्यावर मात्र फळीचं शेपूट फळीच्या तोंडाला येऊन भिडतं, आणि दोघांची काही ओळख नसते. तो चोर कोपरा. प्रत्येक कारीगर तो मागच्या बाजूला, बिजागरीशी लपवायचा, आणि मामंजी पेटी हातात घेतली की पहिल्यांदा नेमका तोच हुडकून काढायचे. त्यासाठी ते कुणाला नापास करत नसत. "असायचाच," म्हणत. पण म्हणताना डोळे मिश्कील व्हायचे, आणि समोरचा माणूस उगीचच अर्धा इंच खाली बसायचा.

थोरलीला खाली बसायचं नव्हतं. पुरुषाला जे "असायचंच" म्हणून माफ होतं, तेच आपल्या पेटीत दिसलं तर "बघ, म्हटलं नव्हतं?" होईल, याची तिला पक्की खात्री होती.

रोज दुपारी पॉलिशचं काम उरकलं की ती घरच्या जेवणाच्या टेबलावर कागदाच्या पट्ट्या घेऊन बसे. पट्टीवर रेघा ओढायच्या, पेटी वळवायची, चौथ्या कोपऱ्याकडे बघायचं आणि चुरगळून टाकायची. चौथ्या दिवशी तिला जुन्या कपाटांची जोडदारं आठवली. एकच जाड फळी मधून चिरून वहीसारखी उघडलेली असते, त्यामुळे डाव्या दारावरची नक्षी उजव्या दारावर आरशातल्यासारखी उमटते. अशी कितीतरी दारं तिनं पुसली होती. दारांना चालतं तर पेटीला का नाही? तिनं एका पट्टीवर शाईनं जाड, ओल्या रेघा मारल्या, वर दुसरी पट्टी दाबली आणि उचलली. दोन पट्ट्या, एक दुसरीचं प्रतिबिंब. एकीतून पुढची आणि डावी बाजू कापली, दुसरीतून मागची आणि उजवी. चिकटपट्टीनं पेटी वळवली. एक कोपरा, दोन, तीन. चौथा बघायला तिनं चष्मा पुसून घेतला. चौथाही जुळला.

तिनं पेटी फिरवली, परत फिरवली. कुठे सुरू झाली आणि कुठे संपली ते तिचं तिलाच सापडेना.

"शाई सांडली का गं?" नवऱ्यानं स्वयंपाकघरातून डोकावून विचारलं.

"सांडली नाही," ती म्हणाली. "जमली." आणि त्या भल्या माणसाला काही न कळता त्यानं दोघांना कॉफी केली.

पुढचं काम मात्र हाडं खिळखिळी करणारं होतं. इंचभर जाडीची फळी उभी धरून तिच्या जाडीतूनच चिरायची, तीसुद्धा एकटीनं. तीन दुपारी ती करवत ओढत होती. खांदे इतके भरून आले की वेणी घालायला हात वर जाईना. पण फळी उघडली तेव्हा आत दोन्हीकडे त्याच वळ्या, समोरासमोर. मग पत्र्यानं खरवडणं, मग तिरप्या कापांचे सांधे. तिथे, कापाच्या तोंडावर, रंधा चालतो. पंचेचाळीस अंशांचा ठोकळा, त्याला टेकवून रंध्याची धार, एका वेळी सिगारेटच्या कागदाएवढी साल. कारीगर जाता येता मान वाकवून बघून जात आणि काही बोलत नसत. न बोलणं ही त्यांच्यातली बरी बातमी असते.

सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की तिथेच शंका यायला हवी होती. सहा बाजू बंद करून पेटी आधी आख्खी चिकटवायची आणि मग करवतीनं झाकण वेगळं कापायचं, म्हणजे झाकण आणि पेटी यांची नक्षी जुळलेली राहते. बंद करण्याआधी आतून पॉलिश लावावं लागतं, नंतर कोपऱ्यात हात पोचत नाही. आतल्या पॉलिशला नियमाची हरकत नव्हती. मंगळवारी तिनं आतून पॉलिश लावलं. किती सुख वाटलं तिला! इतके दिवस परक्या कामात वावरल्यावर आपल्या माणसात आल्यासारखं. ते सुकल्यावर सांध्यांना सरस लावला, चार बाजू वळवल्या, पट्ट्यानं आवळल्या आणि कधी नव्हे ती गुणगुणत घरी गेली.

बुधवारी सकाळी पट्टा सोडला आणि पेटी उचलली, तर पेटी हातात आलीच नाही. टक् असा बारीक आवाज झाला, एक कोपरा उघडला, पाठोपाठ बाकीचे तीन, आणि चार भिंती टेबलावर चारी दिशांना आडव्या झाल्या.

नेमका त्याच वेळी धाकटा दारात उभा होता. असे लोक नेमके त्याच वेळी असतात.

तिनं एक तुकडा उचलून उजेडात धरला. तिरपा काप चकाकत होता. सांध्याच्या तोंडावर तिनं पॉलिश मारलं होतं. त्यावर बसलेला सरस सायीसारखा अलगद सुटून आला. पहिल्या दिवशी शिकायला आलेली पोरंसुद्धा सांध्याला पॉलिश लागू देत नाहीत. पण ती पोरं पॉलिशवाली नसतात. हिचा हात तेवीस वर्षं एकच गोष्ट शिकला होता, की लाकडाचा एकही कोरा कण सुटता कामा नये, आणि आतली बाजू पुसता पुसता तो हात सवयीनं कडेवरूनही फिरला होता. स्वतःच्या हातानं, मन लावून, सुबकपणे तिनं आपलं वाटोळं केलं होतं. ती रंगाच्या डब्यावर बसली आणि चक्क रडली.

धाकट्याला बाईमाणसाचं रडणं झेपत नसे. तो घाईघाईनं म्हणाला, "वहिनी, अहो, एवढं काय त्यात. प्रत्येक कोपऱ्यात दोन बारीक खिळे मारा, वर लांबीची पुट्टी भरा. कुणाला कळतंय?"

थोरलीनं पदरानं डोळे पुसले. "भाऊजी, तुमचे खिळे मी तेवीस वर्षं बुजवतेय. कुठे कुठे असतात ते मला पाठ आहे. मामंजींना नसेल का?"

धाकटा कानापर्यंत लाल झाला आणि आपल्या कामाला गेला.

आता करायचं काय? स्पिरिटनं पॉलिश पुसलं असतं, पण लाकडाच्या छिद्रांत शिरलेलं निघालं नसतं. सांध्याचं तोंड कापून काढणं एवढाच मार्ग होता. पण कापलं की नक्षी सरकणार. तिनं कागदाची पेटी समोर ठेवली आणि विचार केला. एका बाजूनं जास्त काढलं तर सगळं बिनसणार, हे खरं. पण आठही तोंडांवरून अगदी सारखंच काढलं तर? दोन कोपऱ्यांत आरसा आहे. दोन्हीकडून सारखं गेलं तर आरसा आरसाच राहणार. उरलेल्या दोघांत केसभर नक्षी जाईल, तेवढी वळ्यांच्या ओघात खपून जाईल. पेटी जराशी लहान होईल, तळ आणि झाकण पुन्हा बेतावं लागेल, इतकंच.

आठ तोंडं. प्रत्येकावर सहा साली. तिनं मोजून मारल्या, मोठ्यानं मोजून, आणि प्रत्येक साल टेबलावर ओळीनं मांडून ठेवली, चुकायला नको म्हणून. सहाव्या सालीला लाकूड कोरं, निस्तेज, भुकेलं दिसायला लागलं. आयुष्यात पहिल्यांदा कोरं लाकूड बघून तिला बरं वाटलं. यावेळी आतल्या पॉलिशच्या कडा तिनं चिकटपट्टीनं झाकल्या, हात मागे बांधून घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं, आणि तळ-झाकण बसवून सरस लावला.

शुक्रवारी पट्टा सोडला. पेटी उचलली. हलवली. टेबलावर आपटायचा धीर झाला नाही, म्हणून गुडघ्यावर आपटली. एकसंध ठोकळा. मग तोच ठोकळा शेगड्यात, म्हणजे बाकड्याच्या पकडीत, धरून, चांगली जुळलेली ती नक्षी चहूबाजूंनी करवतीनं कापताना तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पण करवत रेघ सोडून तसूभर हलली नाही. शेवटचा धागा तुटला, झाकण तिच्या तळहातावर आलं, आणि आतून चपड्याच्या पॉलिशचा उबदार वास आला. शनिवारी बिजागऱ्या बसल्या.

रविवारी कारखाना बंद असायचा, तरी पाचही कारीगर कपडे बदलून आले होते. थोरलीचा नवरा टेम्पो पुसत असल्याचं नाटक करत दाराबाहेर उभा होता. धाकट्यानं यंत्राचे कागद आणून ठेवले होते.

मामंजींनी पेटीत छोटी विजेरी पेटवून ठेवली, झाकण लावलं आणि पेटी घेऊन सामानाच्या अंधाऱ्या खोलीत गेले. फट असली तर उजेड चुगली करतो. बराच वेळ ते बाहेर आले नाहीत. आले तेव्हा पेटी उजेडात धरली. मग अंगठ्याचं नख सांध्यांवरून फिरवलं. नख कुठे अडलं नाही. झाकण उघडून सोडून दिलं. ते पडलं नाही, आतल्या हवेवर तरंगत सावकाश बसलं. एका कारीगरानं श्वास सोडला तो सगळ्यांना ऐकू आला.

मग ते चोर कोपऱ्याकडे वळले. सवयीनं थेट मागची बाजू पुढे घेतली. बघितलं. पेटी फिरवली. पुढचा कोपरा, डावा, परत मागचा. चष्मा काढला, पुसला, लावला, पुन्हा एक फेरी.

"मागे असेल, बाबा," धाकटा म्हणाला.

"हिच्या नक्षीत मागे कुठंय, ते सांग आधी."

पेटी धाकट्याच्या हातात गेली. त्यानं फिरवली. मग कारीगरांच्या हातांतून एकेक फिरली, आणि जो तो बोटानं एका वळीवरून निघायचा, चार कोपरे ओलांडायचा आणि निघाला तिथेच येऊन पोचायचा. सगळ्यात वयस्कर कारीगर तर दोनदा गेला आणि लहान मुलासारखा हसायला लागला.

"चोर कोपरा कुठे आहे?" मामंजींनी थोरलीला विचारलं.

"ठेवलाच नाही."

मामंजी स्टुलावर बसले. पेटी मांडीवर घेतली. "पन्नास वर्षं," ते म्हणाले. "पन्नास वर्षं मी ‘असायचाच’ म्हणत आलो. माझ्या पेटीला होता. या सगळ्यांच्या पेट्यांना आहे." त्यांनी पेटी पुन्हा एकदा फिरवली. "तो नसूही शकतो, हे मला कधी सुचलं नाही गं."

थोरलीला इतका आनंद झाला होता की तो छातीत मावत नव्हता, आणि तो लपवायचा तिनं प्रयत्नही केला नाही. ती सगळ्यांदेखत, तोंडभर, दात दिसतील अशी हसली. धाकट्यानं यंत्राचे कागद उचलले, घडी केली, खिशात घातले. "मागच्या भिंतीला बसवू यंत्र," तो म्हणाला. "तिथे उजेड लागत नाही." आणि जरा घुटमळून, "वहिनी, झक्कास."

माणसं पांगली. बाहेर नवरा टेम्पोचा हॉर्न विनाकारण दोनदा वाजवून गेला. थोरली खिडकीजवळच्या बाकड्याशी गेली, त्यावर दोन्ही तळहात टेकवून उभी राहिली. लाकूड उन्हानं कोमट होतं.

मागे पावलं वाजली. मामंजी आले होते, काखेत सागाची एक फळी आणि हातात मोठी करवत घेऊन. वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. हात थरथरतात म्हणून सहा वर्षांपूर्वी त्यांनी अवजार खाली ठेवलं होतं.

"दाखव," ते म्हणाले. "कशी उघडलीस ती फळी, मला पहिल्यापासून दाखव."

तिनं फळी शेगड्यात उभी आवळली, वरच्या कडेला मधोमध रेघ मारली, करवतीची एक मूठ आपण धरली आणि दुसरी त्यांच्या हातात दिली. दोन हिसके झाले आणि पातं रेघ सोडून डावीकडे जायला लागलं.

"मनगट सरळ ठेवा, मामंजी," ती म्हणाली.

"बरं," मामंजी म्हणाले, आणि त्यांनी मनगट सरळ केलं.